गाडी कधी सुटणार? : निवृत्त लेखकांसाठी संपादक-व्यवहाराची नियमावली

ज्या गृहस्थांनी सेवानिवृत्तीच्या सत्काराची शाल घडी करून ठेवायच्या आत आत्मचरित्र लिहायला घेतलं, आणि आता जे ते संपादकाच्या हवाली करण्याच्या बेतात आहेत, अशा सर्वांना प्रस्तुत नियमावली लागू राहील. आमच्या दाजींना ती विशेषेकरून लागू राहील. दाजी एसटीत वाहक म्हणून लागले, वाहतूक नियंत्रक म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, आणि 'माझा जीवनप्रवास' नावाची सहाशे पानं लिहून मोकळे झाले. माणूस सज्जन आहे. नियमावली तरीही लागू राहील.

नियम पहिला. संपादकाला मुद्रितशोधक समजू नये. पुण्यातल्या एका संपादकबाईंशी दाजींची गाठ मीच घालून दिली (हे अक्का मला अजून ऐकवते). बाड त्यांच्या हातात देताना दाजी म्हणाले, "मॅडम, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून घ्या. बाकी सगळं ओकेच आहे." बाई हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला ठाऊक होता, दाजींना दीड महिन्यानं कळला.

आपल्याकडे संपादन म्हणजे वेलांट्या-उकार, असा घट्ट समज आहे. मुद्रितशोधक 'पाऊस' नीट लिहिलाय का ते बघतो. संपादक विचारतो, हा पाऊस पाच पानं का पडतोय? आधी रचना, मग भाषा, शेवटी मुद्रितं, असा या कामाचा क्रम असतो आणि तो उलटा करून चालत नाही. म्हणून हस्तलिखित देण्यापूर्वी वाक्यं घासत बसू नयेत. महिनाभर खपून चकचकीत केलेलं प्रकरणच नेमकं जादा निघतं, आणि ते चकचकीत आहे एवढ्याच कारणासाठी लेखक त्याला चिकटून बसतो.

नियम दुसरा. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून घेतलेली फाइल तशीच ईमेल करू नये. समोरच्याकडे ती उघडली की पानभर चिन्हांचा खच दिसतो. युनिकोडमध्ये करून द्यावी, आणि करून झाल्यावर एकदा वाचावी. जोडाक्षरं वाटेत उतरलेली असतात.

नियम तिसरा. ही गोष्ट कोणाची, कुठून कुठे जाते, आणि आपल्या घरच्यांना न ओळखणाऱ्या माणसानं ती का वाचावी, हे चार ओळींत लिहून हस्तलिखितासोबत द्यावं. दाजींनी लिहिलं : 'एका सामान्य माणसाचा असामान्य प्रवास.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही आत्मचरित्राला, शिवाय दोन-तीन सहकारी बँकांच्या वार्षिक अहवालांना चालेल. चार ओळी सुचत नसतील तर पुस्तक अजून आपल्यालाच सापडलेलं नाही असं धरावं. त्यात लाज नाही. संपादकाला पैसे द्यायचे ते त्यासाठीच.

नियम चौथा, पत्राबाबत. चांगला संपादक लगेच पानांवर लाल रेघा ओढत नाही. तो आधी सगळं वाचतो आणि एक लांब पत्र लिहितो. काय आवडलं, काय अडलं, कुठे कंटाळा आला, कुठे पुढचं वाचावंसं वाटलं, हे सगळं त्यात असतं. 'काय आवडलं' हा भाग नवखे लेखक गुळचट प्रस्तावना म्हणून वगळतात. वगळू नये. पुस्तक बहुधा त्याच भागात असतं.

बाईंनी पत्राबरोबर हस्तलिखितही परत पाठवलं होतं, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. पहिल्या प्रकरणात दाजींच्या पाच पिढ्या आहेत. कुलदैवत, नवस, पणजोबांची कुस्ती, भाऊबंदकीत गेलेली विहीर, मग दाजींचा जन्म, त्या रात्रीचा पाऊस. तिसऱ्या पानावर बाईंनी लिहिलं होतं, 'गाडी कधी सुटणार?' चाळिसाव्या पानावर पुन्हा तेच. नव्वदाव्यावर नुसतं 'गाडी?' अखेर एकशे अठराव्या पानावर दाजी एसटीत लागतात, आणि तिथे समासात दोन छोटे गोल काढलेले होते. दाजी ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डबल बेल दिलीय बाईनं." त्यांना राग आला होता, पण घंटी ओळखता आली याचं समाधानही चेहऱ्यावर लपत नव्हतं.

पुढे सव्वादोनशे पानं बढत्या, बदल्या, युनियनच्या सभा आणि शाल-श्रीफळ. बाईंची पेन्सिल तिथे जवळजवळ मुकी होती. आणि तीनशे बेचाळिसाव्या पानावर एका परिच्छेदाला पूर्ण चौकट.

तो परिच्छेद असा. पाटण तालुक्यातल्या एका डोंगराळ गावाला दाजींची मुक्कामी गाडी होती. शेवटची फेरी रात्री पोचायची, पहाटे तीच गाडी परत निघायची. चालक मागच्या लांब सीटवर झोपायचा, दाजी रोकडीची पिशवी उशाला घेऊन देवळाच्या ओवरीत. दोघांना भाकरी गावातून यायची, घरांच्या पाळीनं. १९८२ साली मुंबईतल्या गिरण्यांचा संप लागला तशी त्या भागातली कामाला गेलेली माणसं गावी परतली आणि घरोघरी खाणारी तोंडं वाढली. पाळ्या मात्र चुकल्या नाहीत. एका घरून एकदा नुसती भाकरी आणि ठेचा आला. घेऊन आलेला पोरगा कंदील धरून यांचं जेवण होईपर्यंत उभा राहिला, कारण घरातलं ते एकच ताट होतं आणि ते परत न्यायचं होतं. पहाटे तोच पोरगा दप्तर घेऊन गाडीत चढला. दाजी लिहितात : 'त्याचे हाफ तिकीट मी माझ्या खिशातून फाडले.' परिच्छेद संपला. पुढच्या ओळीला कनिष्ठ वाहतूक नियंत्रकपदाच्या परीक्षेचा निकाल.

बाईंनी पत्रात लिहिलं होतं, 'हे तुमचं पुस्तक आहे. बाकीचं याच्या आधीचं आणि नंतरचं आहे.'

यावर दाजींचं म्हणणं, "सहाशे पानांतलं अर्धं पान आवडलं, म्हणजे उरलेलं रद्दीत काय?"

इथे नियमावलीला शास्त्राधार देणं भाग आहे. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेनं १९५७ साली लिपिनकॉट या प्रकाशनाकडे एक कादंबरी दिली. मोठी झालेली मुलगी शहरातून गावी परत येते, असं तिचं कथानक. टे होहॉफ नावाच्या संपादकबाईंना कादंबरी जमलेली वाटली नाही, पण त्यात मधूनमधून आलेल्या लहानपणाच्या आठवणी जिवंत वाटल्या. मग दोन वर्षांहून अधिक काळ पुनर्लेखन चाललं. ली इतकी वैतागली की एका हिवाळी रात्री तिनं सगळी पानं खिडकीतून बाहेर फेकली आणि होहॉफना फोन केला, आणि त्यांनी तिला खाली जाऊन बर्फातली पानं गोळा करायला लावली, असं सांगतात. १९६० साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मूळचा खर्डाही २०१५ साली 'गो सेट अ वॉचमन' या नावानं छापला गेला. ज्यांना संपादक नेमकं करतो काय असा प्रश्न पडतो, त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तिचं ठीक आहे. तिला कुलदैवत नसेल."

नियम पाचवा. पत्र आलं त्या रात्री उत्तर देऊ नये. व्हॉइस मेसेज तर मुळीच नाही.

नियम सहावा जरा कामाचा आहे. पत्र पचलं की कोरा कागद घ्यावा आणि आपल्याच हस्तलिखितातल्या प्रत्येक प्रकरणासाठी एकेक ओळ लिहावी : यात काय घडतं, आणि शेवटी काय बदललेलं असतं. 'बालपणीच्या रम्य आठवणी' ही ओळ बाद. 'विहीर गेली म्हणून वडील गाव सोडतात' ही चालेल. दाजींना हे गळी उतरवण्यासाठी मला त्यांच्याच खात्यात शिरावं लागलं. म्हटलं, बाई म्हणजे तुमचं लाइन चेकिंग समजा. अधेमधे गाडीत चढायचं आणि एकेका परिच्छेदाला विचारायचं, तिकीट दाखवा. कुठून बसलात, कुठे जाणार? दाजींचे डोळे चमकले. दोन दिवस ते स्वतःच्याच पानांवर धाडी घालत होते. फुकटे बरेच निघाले. पणजोबांना मात्र त्यांनी पास आहे म्हणून सोडून दिलं.

जे काढाल ते फेकू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. ते पुन्हा कधी उघडलं जात नाही, पण ते आहे या भरवशावर कात्री चालते.

एक पोटनियम. संपादकाकडे बाड असताना तेच साडू, शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा कविमित्र यांना वाचायला देऊ नये. पाच जणांच्या पाच सूचना आल्या की लेखक आपल्याला सोयीची तेवढी उचलतो आणि उरलेल्यांच्या तोंडावर ती फेकतो. शिवाय फेऱ्या किती, मुदत काय, पैसे कधी, हे आधीच कागदावर असावं. 'फक्त एकदा नजर टाका' या सबबीखाली तिसरी फेरी फुकट करून घेणारे लेखक एसटीत विनातिकीट प्रवाशाला दंड होतो हे जाणून असतात, याचं मला नवल वाटतं.

पैशांवरून आठवलं. संपादनाला आपल्याकडे धड मोबदला नाही आणि मानही नाही. लेखकानं पाठवलेली फाइल जशीच्या तशी छापणारे प्रकाशक मी पाहिलेत. याच भाषेत 'सत्यकथा' हे मासिक होतं, त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन होते. ते लेखकांना पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत. पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' पुष्कळांच्या घरी असेल. त्या पुस्तकाची मूळ लेखिका मार्जोरी रॉलिंग्ज हिला, फ्लोरिडाच्या रानातल्या एका पोराची गोष्ट लिही, असा लकडा लावणारा मॅक्सवेल पर्किन्स हाही संपादकच. एका संपादकानं लिहून घेतलेलं पुस्तक दुसऱ्या संपादकानं मराठीत आणलं, आणि मुखपृष्ठावर पर्किन्सचं नाव कुठून असणार? 'सत्यकथा' बंद पडली ती १९८२ सालीच. त्या काळी दाजी ओवरीत झोपत होते. दोघांनी एकमेकांना वाचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला उगीच वाटत राहतं.

असो. नियमावलीचा सूर सुटतोय.

नियम सातवा, नकाराबाबत. संपादक सांगतो ते सगळं ऐकायचं असं कुठे लिहिलेलं नाही. रेमंड कार्व्हरच्या कथांना गॉर्डन लिश या संपादकानं इतकी कात्री लावली की काही कथा अर्ध्याहून कमी उरल्या. १९८० च्या जुलैत कार्व्हरनं छपाई थांबवा म्हणून कळवळून पत्र लिहिलं. पुस्तक तसंच निघालं आणि गाजलं. त्याच्या मूळ कथा २००९ साली, तो गेल्यावर वीसेक वर्षांनी, आल्या. कोणतं रूप बरं यावर अजून भांडणं होतात. माझा अनुभव असा की संपादक 'इथे काहीतरी अडतंय' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खरोखर अडत असतं, पण ते सोडवायला तो सुचवतो तो उपाय आपला नसतो. जागा त्याच्याकडून घ्यावी, वाक्य आपलं लिहावं.

दाजींच्या संवादांत पाटणकडची बोली ठासून आहे. बाईंनी सुचवलं, पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जाईल, थोडी सौम्य करू या. सगळ्या पत्रव्यवहारात दाजी पहिल्यांदाच रागावले नाहीत. त्यांनी साधं उत्तर दिलं : "मॅडम, ती माणसं अशीच बोलत होती. मी तिकिटं त्याच भाषेत दिली." बाईंनी संवादांतली एकही ओळ बदलली नाही. आजूबाजूचं निवेदन मात्र त्यांनी दाजींकडून पुन्हा लिहून घेतलं, कारण बोलीतल्या माणसांमध्ये दाजींचं 'सदरहू' आणि 'उपरोक्त' फार खुपत होतं. ही तडजोड दोघांनाही आपापला विजय वाटते.

सध्याची स्थिती अशी. पुस्तकाचं नाव 'मुक्कामी गाडी'. पानं दोनशेच्या आत. पहिल्याच पानावर रात्रीची शेवटची फेरी घाट चढते. पणजोबा तीन ओळींत आहेत, पण आहेत.

नियम आठवा, शेवटचा. ऋणनिर्देश संपादकाला दाखवू नये. दाजींनी दाखवला. साडेचार पानांचा होता : आगार व्यवस्थापक, चालक, मेकॅनिक, माजी आमदार, पतसंस्थेचे अध्यक्ष, डीटीपीवाला, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बाई. बाईंनी समासात लिहिलं, 'दीड पान पुरे.' गेला आठवडाभर दाजी यादी घेऊन बसलेत. आमदार वगळता येत नाहीत, प्रकाशनाला यायचेत. मेकॅनिक वगळवत नाहीत. अक्काला वगळण्याचा प्रश्नच नाही, तीच पहिल्यांदा वाचणार आहे. काल त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "तुम्ही घरचेच. तुमचं नाव काढलं तर तुम्हाला काही वाटायचं नाही."