ड गळाला हो!

उपनगरातल्या एका शाळेने पालकांना लेखी सूचना धाडली आहे. शिक्षिकांना 'बाई' म्हणू नये. 'मॅडम'ही म्हणू नये. फक्त 'मॅम' म्हणावे, आणि मुलांनी घरी बोलतानाही हाच शब्द वापरावा, म्हणजे शाळेचं 'स्टँडर्ड' टिकतं. खाली संस्थेच्या सरांची सही आहे. सरांना काय म्हणायचं याबद्दल सूचनेत काही नाही. 'सर'मध्ये गाळायला अक्षरंच पुरेशी नाहीत.

'बाई' का नको, ते कुणी सांगायला नको. बाई ही धुण्याभांड्याची असते. ती 'लावली' जाते, दिवाळीच्या तोंडावर दांडी मारते आणि बोनस मागते. तीच हाक शाळेतही ऐकू आली तर पालकांनी एवढी फी कशासाठी भरली? हे समजलं. पण 'मॅडम'ने कुणाचं घोडं मारलं होतं? त्यातल्या 'ड'ने शाळेच्या स्टँडर्डला नेमका काय धक्का लागत होता? गेला आठवडाभर माझा जीव त्या 'ड'मध्ये अडकलाय.

या 'ड'ची घसरण तशी जुनी आहे. आपल्या पणज्या गोऱ्या साहेबाच्या बायकोला 'मड्डम' म्हणत. एका शब्दात दोन 'ड', तेही एकमेकांना घट्ट धरून. मग कचेऱ्यांत, बँकांत 'मॅडम' आल्या आणि एक 'ड' गेला. आता दुसराही गेला. या वेगाने पुढच्या पिढीला नुसता 'म' मिळेल. इंग्रजांनीही 'ड' गाळला, नाही असं नाही. पण लिहिताना त्याच्या जागी त्यांनी वर एक स्वल्पविराम टांगला, भिंतीवर गेलेल्या माणसाचा फोटो टांगावा तसा. आमच्या शाळेच्या इंग्रजी सूचनेत तोही नाही. तो काढला की उत्तर इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो 'आई'. म्हणजे शाळेने एका सहीनिशी आपल्या सगळ्या शिक्षिकांना वर्गभर पोरांच्या आया करून टाकलं. त्यांच्यातली एखादी खरोखरच आई व्हायला निघाली आणि तिने रजा मागितली, तर मात्र तिचं कंत्राट नेमकं त्याच महिन्यात संपतं.

खरी गंमत पुढे आहे. मूळ शब्द फ्रेंच, 'मा दाम'. म्हणजे काय? 'माझ्या बाई'! त्यातली 'दाम' आली लॅटिनमधल्या 'डोमिना'वरून, म्हणजे घरधनीण. बाईला दारातून हाकलायला जो शब्द आणला, त्याच्या पोटातून बाईच निघाली. आणि जो 'ड' छाटला तो तिचाच होता. छाटला कुणी, तर तिकडच्या चाकरमाणसांनीही त्यात हात धुऊन घेतले. मालकिणीपुढे दिवसभर 'येस मॅडम, येस मॅडम' करून जीभ थकली की नुसतं 'येसम' उरायचं. हाच शब्द राजवाड्यातही चालला: राणीला आधी एकदा 'युवर मॅजेस्टी' म्हणायचं, त्यानंतर 'मॅम', 'जॅम'शी यमक जुळेल असं. इकडे हिंदुस्थानात त्याला साहेबाची शेपटी लागली आणि 'मेमसाहेब' झाली. तेव्हा आमच्या शाळेला राणी अभिप्रेत आहे, मेमसाहेब की येसमवाली मालकीण, हे सूचनेत स्पष्ट हवं होतं.

मराठीत मान नामात नसतो, क्रियापदात असतो. 'बाई ओरडल्या', 'बाई गृहपाठ देतात', 'बाई उद्या येणार नाहीत'. समोर एकच बाई उभी असली तरी क्रियापद बहुवचनी, कारण पाचवीतल्या पोरालाही या बाईंपुढे नीट उभं राहायचं असतं हे माहीत असायचं. आता लिफ्टमध्ये ऐका: 'मम्मा, मॅम ओरडली', 'मॅम उद्या येणार नाही', 'मॅम नीट शिकवत नाही.' शब्द महागाचा झाला आणि क्रियापद एकवचनात उतरलं. पोरांचा दोष नाही. मॅमला किती मान द्यायचा हे ती शाळेकडूनच शिकली.

कारण शाळाच बघा. बीएड झालेली पंचविशीतली मुलगी सकाळी सातला गेटवर उभी, मग सहा तास, मग वह्यांचे गठ्ठे घरी, रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर उद्याच्या पिवळ्या ड्रेसबद्दल उत्तरं. महिनाअखेर सही करायची पूर्ण आकड्यावर. बँकेत पैसेही पूर्ण येतात, आणि त्यातले काही हजार पहिल्याच आठवड्यात पाकिटातून ऑफिसात परत न्यायचे. पोच मिळत नाही. ही चोरी आहे, तिला दुसरं नाव नाही. आणि ही चोरी करणारे लोक मला सांगणार की 'बाई' म्हटल्याने शिक्षिकेचा अपमान होतो! धुण्याभांड्याच्या बाईचे पैसे कापून बघा, दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बिल्डिंगला सांगते. मॅम कुणाला सांगणार?

पालकांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण पालकसभेत पोराच्या इवल्या बाकावर गुडघे दुमडून बसलेल्या बापाला फीवाढीचा कागद दिला जातो, आणि तो 'येस मॅम' म्हणून सही करतो. पूजेत भटजींनी 'मम म्हणा' म्हटल्यावर यजमानाने मम म्हणावं, तितक्याच विचाराने. दक्षिणा मात्र सर घेऊन जातात.

सूचना काढायचीच असेल तर एका ओळीची काढा: सहीचा आकडा आणि हातातला आकडा एकच राहील. मग मुलांनी काय हाक मारायची ते त्या बाई स्वतः ठरवतील.