भावी गुरुजी, ओटीपी आला का?

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत काय किंवा शेजारच्या कुठल्याही गावात काय, भावी माणसांचा तुटवडा नाही. भावी सरपंच, भावी सभापती, झालंच तर भावी आमदार चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात. ‘भावी गुरुजी’ असा फ्लेक्स मात्र अजून कुणी लावलेला नाही. तो लावायचा तर कापड पुरायचं नाही. भावी सरपंचाला निदान पाच वर्षांनी निवडणूक मिळते. भावी गुरुजींचं काय ते पोर्टललाच ठाऊक.

“काय करायलाय तुमचा पोरगा?” असं पारावर कुणी विचारलं, की बाप सांगतो, “बी.एड.चा फॉर्म भरायलाय.” हे उत्तर दोन-तीन महिने आरामात पुरतं, कारण फॉर्मही तितके दिवस चालतो. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. ओटीपी येईपर्यंत सर्व्हर जातो, सर्व्हर येईपर्यंत लाइट जाते. फोटो जड झाला म्हणून परत येतो, सही हलकी झाली म्हणून परत येते. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता ही मंडळी तहसील आणि समिती फिरून येईपर्यंत मुदत संपत येते आणि मग मुदतवाढ मिळते. शिक्षणात वर्ष-दोन वर्षं खंड पडला असेल, तर त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं. मधल्या काळात आपण कुठंच शिकलो नाही, हे शपथेवर सांगितल्याशिवाय शिकवायला शिकता येत नाही.

मग सीईटी. शंभर प्रश्न, ९० मिनिटं. ४० प्रश्न बुद्धीचे, ३० सामान्य ज्ञानाचे आणि ३० शिक्षक अभियोग्यतेचे. चुकलं तरी गुण कापत नाहीत, एवढी माया आहे. अभियोग्यतेच्या भागात ‘वर्गात एखादं मूल सारखं गप्प बसत असेल, तर तुम्ही काय कराल?’ अशा थाटाचे प्रश्न येतात. चार पर्यायांत प्रेमानं विचारीन, पालकांना भेटेन वगैरे सगळं असतं. ‘आधी त्याचं आधार लिंक झालंय का ते बघेन’ हा खरा पर्याय तेवढा नसतो.

प्रवेश मिळाला की दोन वर्षं. पूर्वी बी.एड. एका वर्षात उरकायचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४ साली नियम बदलले आणि पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात निदान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे, म्हणजे पोरांचा सहवास घडेल. नियम उत्तम होता, म्हणूनच त्यावर ‘नॉन-अटेंडिंग’ नावाचा उतारा निघाला. थोडे पैसे जास्त द्यायचे आणि थेट परीक्षेला जायचं. उद्या हाच माणूस हजेरी घेणार आणि गैरहजर पोराच्या बापाला शाळेत बोलावणार.

संस्थांची परीक्षा मात्र क्वचितच होते. आपल्याच राज्यातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगानं २०१२ साली अहवाल दिला, तेव्हा त्यातली बहुतेक कॉलेजं मान्यतेच्या लायकीची नव्हती असं दिसलं. तिथं निगेटिव्ह मार्किंग असतं, तर कोनशिलासुद्धा परत कराव्या लागल्या असत्या.

पदवी हातात आली, पेढे वाटले, की कळतं, ही तर फक्त परीक्षेला बसायची परवानगी होती. आता टीईटी. शिक्षण हक्क कायद्याच्या पाठोपाठ आलेली ही पात्रता परीक्षा राज्यात २०१३ पासून होते. १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के हवेत. ती खरोखर किती अवघड आहे, हे २०१९-२० च्या परीक्षेत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांनी सिद्ध केलं. अभ्यासापेक्षा पैसे देणं त्यांना सोपं वाटलं. पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक केली.

टीईटीनंतर टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास. सीईटीत तपासलेली अभियोग्यता मधल्या काळात आटली तर नाही ना, हे बघायला. ही चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला आणि त्यानंतर २०२५ ला. या दरम्यान उमेदवाराचं वय बिनचूक वाढत राहतं, त्याला मुदतवाढ नसते. खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत जमलं तर जमलं.

टेट झाली की शिक्षकभरतीचं ‘पवित्र’ पोर्टल. तिथं नाव लागलं की माणूस एकदम कायमचा होत नाही. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन शाळेच्या स्तरानुसार २०२३ पर्यंत सहा, आठ आणि नऊ हजार होतं, आता १६, १८ आणि २० हजार आहे. लग्नाच्या बैठकीत “नोकरी?” या प्रश्नाला “पवित्रवर आहे” हे उत्तर चालतं का, ते मुलीच्या मामावर अवलंबून.

बरं, शिकवायचं कुणाला? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, तिथं डी.एड.वालाच लागेल. ठीक, मग सहावी ते आठवी. तर मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचा निर्णय आला. या तीन वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी पोरं असली, तर शिक्षकाचं पद शून्य. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनाचा मुहूर्त साधून, छोट्या शाळांवर १५ हजारांत कंत्राटी शिक्षक नेमायचा शासन निर्णय निघाला. राधाकृष्णन यांच्या फोटोला हार सकाळी घातला होता का, एवढंच विचारायचं राहिलं.

यात कुणी एकटं पडू नये, याचीही सोय झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, ज्यांच्या नोकरीची पाचपेक्षा जास्त वर्षं उरली आहेत, त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं सक्तीचं झालं. त्यामुळे ज्यांनी बाराखडी शिकवली ते गुरुजी पुढच्या बाकावर आणि त्यांचा विद्यार्थी मागच्या बाकावर, असा योग आता येतो. विद्यार्थी आधी दोनदा बसलेला असतो. गुरुजी हळूच विचारतात, “बाबू, बालमानसशास्त्राच्या नोट्स आहेत का रे?”

इथं कुणी म्हणेल, एवढ्या परीक्षा घेता, पण पोरांपुढं खडू घेऊन उभा राहिलेला माणूस एकाही परीक्षेत दिसत नाही. सगळीकडे गोल काळे करायचे किंवा माऊस दाबायचा. ही तक्रार अज्ञानातून येते. आजचा शिक्षक दिवसभर काय करतो ते बघा. सरलवर माहिती, यू-डायसवर माहिती, आधारची जुळणी, तांदळाचा हिशोब, मतदार यादीचं काम, प्रशिक्षणाची लिंक, त्या लिंकचा स्क्रीनशॉट आणि तो संध्याकाळी पाचच्या आत केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर. मधल्या सुट्टीत वेळ मिळालाच, तर पाढे.

म्हणजे बी.एड.चा फॉर्म हेच खरं प्रशिक्षण आहे. गेलेल्या सर्व्हरपुढं शांत बसणं, एकच कागद पाच ठिकाणी चढवणं, ‘तांत्रिक अडचण’ वाचून न चिडणं, मुदतवाढीवर श्रद्धा ठेवणं. हे ज्याला टेंभुर्णीच्या सेवा केंद्रात बसून जमलं, त्याला पुढची तीस वर्षं जड जाणार नाहीत. शासन उगाच छळत नाही, ते आतापासून सराव करून घेतं आणि त्याची फी आपल्याकडून घेतं.

तेव्हा भावी गुरुजी, फॉर्म भराच. फक्त एक ध्यानात ठेवा. नोकरी लागल्यावर एखाद्या दिवशी दिवसभर नेट बंद पडलं आणि समोर तीस पोरं बसलेली असली, तर काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागेल. त्यावर अजून शासन निर्णय निघालेला नाही.