अंगठ्याला ताप येत नाही

डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणाले की घरचे निर्धास्त होतात. साथ आहे, चार दिवसांत उतरेल, दोष कुणाचाच नाही. हा निर्धास्तपणा आपण मोबाइलमध्येही नेला. मेसेज ‘व्हायरल झाला’ म्हटलं की तो पाठवला कुणी, हे विचारायची सोयच उरत नाही. विषाणू शिंकेबरोबर नकळत उडतो. मेसेजसाठी ग्रुप निवडून अंगठा दाबावा लागतो. तरी निष्पाप ठरतो तो अंगठाच. २०२० मध्ये तर उलटाच न्याय होता. होम क्वारंटाइनमधल्या माणसाच्या डाव्या हातावर सरकारने मार्चमध्येच शिक्का मारला, शेजाऱ्यांनी त्याच्याकडे दरोडेखोरासारखं पाहिलं, संपर्कात आलेल्यांच्या याद्या झाल्या. अफवा पाठवणाऱ्याच्या अंगठ्यावर शाईचा ठिपकाही नाही. रोगी गुन्हेगार झाला आणि अफवाखोर रोगी.

त्या एप्रिलमध्ये डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात दोन्ही व्हायरल एकदमच वस्तीला आले. मुलं पळवणारी, किडन्या काढणारी टोळी फिरतेय, असं सांगितलं जात होतं आणि पाड्यापाड्यांवर रात्रीचे पहारे बसले होते. त्याच आठवड्यात सारणी गावात मदत घेऊन गेलेल्या डॉक्टरांच्या पथकावरही हल्ला झाला. म्हणजे एका व्हायरलवरचा इलाज दुसऱ्या व्हायरलने पिटाळला. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचल्याला, कांदिवलीहून सुरतेकडे अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांदेखत मारले गेले. यावर शहरी वाचकाचं उत्तर तयार असतं : अडाणी लोक, दुसरं काय होणार! पण याच वाचकाने पुढच्या आठवड्यात काय केलं? हत्येचा व्हिडिओ आला, त्यातल्या गलक्यात त्याला ‘शोएब’ ऐकू आलं आणि आदिवासी गावातल्या गुन्ह्याला त्याने सोफ्यावर बसून धर्म बहाल केला. तो आवाज ‘ओये बस’ असा असल्याचं तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांनी सांगितलं, २२ एप्रिलला अटकेतल्या १०१ जणांची नावंच जाहीर केली. पाड्यावरच्या माणसाला निदान अंधार आणि भीती होती. पदवीधराकडे वीज होती, वायफाय होतं, खातरजमा करायला लॉकडाउनचा अख्खा दिवस होता.

कुणी म्हणेल, डोंगरात रेंज कुठे असते, अफवा तोंडोतोंडीच पसरली असणार. पसरली असेलही. त्याने फोन सुटेल, माणूस कसा सुटेल? तोंडही कुणाचं तरी असतंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पाठवणाऱ्याला ती गोष्ट खरीच वाटली होती, हेतू सावध करण्याचा होता. ते मान्यच. पण ताप असताना लग्नाला जाणाऱ्याचाही हेतू आहेर करण्याचाच असतो. त्याला आपण घरी बसवतो. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मारलं गेलं, तेही मुलं पळवणारे समजूनच. त्यात २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. ‘सावध राहा’ म्हणणारा सद्भाव मात्र मोकळाच राहिला.

इलाज झालाच नाही, असं नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली. पुढे, गडचिंचल्याच्या नऊ दिवस आधी, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल, असा नियम केला. एका रोग्याने नवा एकच रोगी केला तरी साथ संपत नाही, हे साथरोगाचं साधं गणित; आणि इथे एक चॅट म्हणजे तेव्हा २५६ जणांचा ग्रुपही चालत होता.