डब्लिनवाले काकाजी

रविवारी दुपारी जेवणं झाली तरी आमच्या घरी कोणी आडवं होत नाही. काकाजींचा फोन यायचा असतो. आजी मोबाइल पाण्याच्या गडव्याला टेकवून ठेवते, पदर सारखा करते आणि पडद्यावर काकाजींचं कपाळ उगवायची वाट पाहते. कपाळच. डब्लिनला दुकान टाकलं, दोन गाड्या घेतल्या, पण फोन कसा धरला म्हणजे अख्खा माणूस दिसतो, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

असा एक काकाजी आता चंद्रपुरात गल्लीगणिक सापडतो. बाप पॉवर हाऊसला, डब्ल्यूसीएलच्या कोळसा खाणीत नाहीतर बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये. पोरगा इंजिनिअर होतो, पुण्याला जातो, आणि पुण्याहून जो उडतो तो थेट नकाशाच्या काठाला जाऊन चिकटतो. आमचे आयर्लंडला चिकटले.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी कळवलं, ‘चार वाजता फोन करतो, आयएसटी.’ आता भारताची वेळ आयएसटी, आणि आयर्लंडच्या उन्हाळ्यातल्या वेळेचं आखूड नावही आयएसटीच. ते बोलले त्यांच्या चारबद्दल, आम्ही बसलो आमच्या चारला. साडेआठला फोन वाजला तेव्हा आजोबा, ‘परदेशात गेला तरी पोट्टा टायमावर येत नाही,’ म्हणून झोपून गेले होते.

बातम्यांचा क्रम ठरलेला. आधी दुकान, मग घर. डाळी, पापड, भेंडी, लोणची असं भारतीय किराण्याचं दुकान आहे. त्याबद्दल काकाजी पोटच्या पोरासारखं बोलतात, आणि पोटच्या पोरांबद्दल ताळेबंदासारखं. ‘नवा फ्रीजर आणला जी. रात्री जरा कुरकुर करते, पण रुळेल.’ आणि लगेच पुढे, ‘मोठ्याची उंची यंदा दोन इंच वाढली, गणितात घट आहे, मार्चनंतर सुधारेल.’ दुकानात विकायला बासमती ठेवतात, स्वतः खातात मात्र एचएमटी. कोणी डब्लिनला जाणार असं कळलं, की त्याच्या बॅगेत पाच किलो आपोआप शिरतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या एवढ्याशा बांधीत निवडून निवडून तयार केलेलं हे वाण, आणि नाव पडलं मनगटावरच्या घड्याळाचं. ही हकिकत काकाजी गोऱ्या गिऱ्हाइकांना एवढ्या रंगून सांगतात, की एकाने म्हणे बासमती घेतल्यावर विचारलं, ‘हा कुठल्या घड्याळाचा?’

मे महिन्यात आम्ही कूलरमध्ये बादल्या ओतत असतो, बाहेर पारा ४७ वर, आणि काकाजी सांगतात, ‘इकडे बहुत गरमी होऊन राहिली, पंचवीस झालं.’ आयर्लंडात आजवर नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान ३३.३ अंश, किलकेनीचं, तेही १८८७ सालातलं. आमच्याकडे तेवढं होळीच्या आसपास होऊन जातं. कोणी स्वेटर धुऊन ठेवण्यापलीकडे त्याची दखल घेत नाही.

२०१७ साली लिओ वरदकर तिथले पंतप्रधान झाले, तेव्हा काकाजींनी मधल्याच वारी फोन केला. ‘माय, आपला माणूस बसला खुर्चीवर!’

‘वरोऱ्याचा का रे बाबू?’ आजीने विचारलं.

वरदकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे काकाजींनी समजावून सांगितलं. आजीच्या लेखी मालवण आणि डब्लिन दोन्ही सारखीच लांब. ‘मंग आपला कसा?’ म्हणाली, आणि विषय संपला.

पण काकाजींचं खरं दुखणं वेगळंच आहे. त्यांची कुठलीच बातमी वाघापुढे टिकत नाही. दुसरं दुकान घेतल्याचं त्यांनी मोठ्या झोकात सांगितलं. आमच्या तोंडून कौतुक निघायच्या आत भाऊ म्हणाला, ‘काकाजी, काल ऊर्जानगरच्या रस्त्यावर पट्टेदार बसला होता, अर्धा तास ट्राफिक बंद.’ झालं. दुसरं दुकान उद्घाटनाआधीच बंद पडलं. ‘नर का मादी? बच्चे होते का? कुठून आला?’ ताडोब्यातली माया वाघीण २०२३ मध्ये दिसेनाशी झाली, तेव्हा काकाजींनी सलग दोन रविवार तिचीच चौकशी केली. मधल्या आठवड्यात माझं लग्न जमलं होतं.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आयर्लंडच्या रानात सर्वांत मोठं जनावर म्हणजे तांबडं हरीण. साप नावालाही नाही. अशा मुलखात काकाजी वाघाच्या गावचे म्हणून ओळखले जातात. त्यांच्या गोष्टींत वाघ शाळेच्या वाटेवर आडवा जातो, वाघ विहिरीवर पाणी पितो, एका गोष्टीत तर आजोबांना पाहून वाट सोडतो. आजोबांना पाहून घरातले सगळेच वाट सोडत, त्यामुळे ही मात्र मला खरी वाटते.

आणि बावीस वर्षं चंद्रपुरात काढून काकाजींनी मोकळ्या रानातला वाघ एकदाही पाहिलेला नाही. त्यात त्यांचा दोष काय! वाघ पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना दिसतो. आम्हाला त्याचे पगमार्क आणि त्याच्या बातम्या.

ते आयर्लंडला गेले तेही वाघाचंच नाव ऐकून. नव्वदीनंतर त्या देशाची अशी भरभराट झाली, की जगाने तिला ‘केल्टिक टायगर’ म्हटलं. काकाजी पोचले २००८ च्या जुलैत. सप्टेंबरात देश मंदीत गेल्याचं जाहीर झालं, आणि २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंचं मदतीचं पॅकेज ठरवायची पाळी आली. ताडोब्यात आमच्या मोहर्लीचे गाईड सांगतात तसंच झालं: ‘सर, कालपर्यंत इथंच होता!’

नोकरी गेली. घरी कळवलं, ‘लाइन बदलली.’ दीड-दोन वर्षं त्यांनी टॅक्सी हाकली, हे फार उशिरा काकूंच्या तोंडून निसटलं. आम्हीही काही हरिश्चंद्राच्या कुळातले नाही. इरई नदीचं पाणी ओसरीत शिरलं तेव्हा ‘घर धुऊन काढलं’ एवढंच सांगितलं. आजोबांची अँजिओप्लास्टी ‘नागपूरला लग्नाला गेलो होतो’ या नावाखाली उरकली. काकाजींनी आहेर काय केला ते विचारलं, आजोबांनी ‘बहुत महागात गेलं’ म्हणून सांगितलं. ते मात्र खरं होतं.

काकाजींच्या शेजारची म्हातारी म्हणे सांगते, पूर्वी अमेरिकेहून पत्रं यायची तीही अशीच. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दहा लाख माणसं मेली, तेवढीच बोटीत बसून गेली. जाणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री मयतासारखा जागर व्हायचा. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. मग पत्र यायचं. त्यात डॉलर असायचे, आणि सगळं ठीक असायचं. आजीने हे सगळं नीट ऐकून घेतलं.

‘आलूपायी येवढी मानसं गेली? मंग धान काऊन नाई लावलं?’

वाघाच्या सगळ्याच बातम्या चघळायच्या नसतात. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे गेलेली बाई घरी परत येत नाही, असं दर उन्हाळ्यात घडतं. ती बातमी आम्ही देत नाही. त्यांना ती कळतेच. त्या दिवशी काकाजी रविवारची वाट पाहत नाहीत, दुकानाचं बोलत नाहीत. ‘आत्याबाई मोहाले गेली नाही ना?’ एवढंच विचारतात, आणि त्या दिवशी पडद्यावर कसा कोण जाणे, त्यांचा अख्खा चेहरा दिसतो.

गेल्या हिवाळ्यात ते बारा दिवसांसाठी आले. तीन सफाऱ्या केल्या: मोहर्ली, नवेगाव, कोलारा. चितळ दिसले, गवे दिसले, वानरं दिसली, आणि पुढच्या जिप्सीत उभ्या राहिलेल्या एका जाड गृहस्थाची पाठ तिन्ही वेळा दिसली. बाराव्या दिवशी नागपूरहून विमानात बसले.

पंधराव्या दिवशी भर दुपारी आत्याबाईच्या बांधीत, धुऱ्यावर, पट्टेदार येऊन बसला. चांगला वीस मिनिटं. जांभया दिल्या, पंजे चाटले, निघून गेला. आतेभावाने घराच्या माडीवरून सगळा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो आरमोरीपासून राजुऱ्यापर्यंतच्या समस्त नातेवाइकांनी पाहिला. डब्लिनला तेवढा कोणी पाठवला नाही. आणि तसं कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं.

रविवारी कपाळ उगवलं. फ्रीजर रुळला होता. मोठ्याचं गणित अजून घटीतच होतं.

‘तिकडे काय विशेष?’

भावाने तोंड उघडलं. आजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते पुन्हा मिटलं.

‘काई नाई रे बाबू,’ आजी म्हणाली. ‘तुह्या बहिणीच्या बांधीत लाखोरी चांगली आली यंदा.’

‘हो का? मंग फोटो तरी पाठवा जी तिचा.’

भावाने पाठवला. ओल्या मातीतले पगमार्क दिसू नयेत म्हणून तो चारी बाजूंनी इतका कापावा लागला, की शेवटी लाखोरीच्या तीनच शेंगा उरल्या.