चोर सोडून संन्याशाला फाशी

रॉय बर्न्स यांस,

नमस्कार लिहावासा वाटत नाही, तेव्हा थेट आरोपांकडे येते.

२२ मार्च १९८५ रोजी ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपट मालिकेचा पाचवा भाग, ‘अ न्यू बिगिनिंग’, अमेरिकेत प्रदर्शित झाला. पहिल्या तीन दिवसांतच त्याने सुमारे ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला. ही गर्दी मालिकेतल्या खुनी जेसन व्हूरहीजसाठी होती. हॉकीच्या गोलकीपरचा तो पांढरा मुखवटा, हातात कोयता आणि एक शब्दही न बोलणारा तो धिप्पाड देह, एवढ्यासाठी लोकांनी तिकिटं काढली होती. दीड तास तेच दिसत राहिलं. मग शेवटी गोठ्याच्या माळ्यावरून तो खुनी खालच्या दातेरी अवजारावर कोसळला, मुखवटा निघाला आणि आत तुम्ही निघालात. रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, रॉय बर्न्स. हे गृहस्थ कोण, असा प्रश्न प्रेक्षकांना पडला. तुम्ही त्यांना भेटला होतात तरी कितीसे? सुरुवातीला एका प्रेतापाशी उभे राहिलात, डोळे वटारून पाहिलंत, आणि त्यानंतर जेमतेम ओझरते दिसलात.

लोक चिडले, याचं मला जराही नवल वाटत नाही. पण इतकी वर्षं त्यांच्या चिडण्याचा अर्थ ‘जेसन नव्हता म्हणून’ एवढाच लावला जातो, तो मला अपुरा वाटतो. जेसन नसणं हा गुन्हा नव्हे. १९८० सालच्या पहिल्या चित्रपटातही खुनी जेसन नव्हता, त्याची आई पॅमेला होती. आणि तीही शेवटच्या काही मिनिटांतच समोर येते. तोवर तिचा चेहरा आपण पाहिलेलाही नसतो. म्हणजे तुम्हाला लपवून ठेवलं यावर बोट ठेवायचं तर तिच्यावरही ठेवावं लागेल. तरी तिच्यावर कोणी फसवणुकीचा ठपका ठेवला नाही. उलट तीच या मालिकेचा पाया ठरली.

फरक कुठे पडला ते सांगते. पॅमेला आली आणि बोलली. बेट्सी पामरने ती बाई अशी उभी केली की सुरुवातीला तिचा आधार वाटावा. अंगात स्वेटर, चेहऱ्यावर काळजी. मग हळूहळू ती आपल्या मुलाबद्दल बोलू लागते. तो बुडत होता तेव्हा शिबिरातले काळजीवाहू तरुण आपल्याच नादात होते, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ती स्वतः तिथे स्वयंपाकाला होती. बोलता बोलता तिचे डोळे बदलतात. तिचा राग कोणावर आहे, का आहे, कुठून आला, हे तिच्या तोंडून कळतं. तो राग भयंकर आहे, पण तो एका आईचा आहे याबद्दल शंका उरत नाही. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी मोजक्या पैशांत केलेल्या चित्रपटात या बाईला बोलायला वेळ दिला.

आणि तुमचं काय झालं, रॉय? तुमचाही मुलगा मेला होता. जोई. पाइनहर्स्टच्या त्या सुधारगृहात राहणारा, लठ्ठ, बडबड्या, सगळ्यांना चॉकलेट देऊ करणारा पोरगा. लाकडं फोडत असलेल्या तिथल्याच व्हिकला त्याने चॉकलेट पुढे केलं आणि व्हिकने त्याच कुऱ्हाडीने त्याला मारलं. रुग्णवाहिका घेऊन तुम्ही आलात. आपल्याच मुलाचं प्रेत उचलायला बाप आला, आणि हा बाप आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही त्या पोराला कधी आपलं म्हटलंच नव्हतं. याच्याइतका भीषण प्रसंग अख्ख्या मालिकेत दुसरा नाही, हे मी पूर्ण विचारान्ती लिहिते आहे. त्यावर एक स्वतंत्र चित्रपट उभा राहिला असता. आणि चित्रपटाने त्याचं केलं काय? तुमच्या चेहऱ्याचा एक क्षण दाखवला आणि पुढच्या खुनाकडे धाव घेतली.

बाकीचं सगळं तुम्ही मेल्यावर, इस्पितळात शेरीफच्या तोंडून! तुमच्या पाकिटात जोईचा फोटो सापडला, जेसनच्या बातम्यांची कात्रणं सापडली, मुलाला त्या अवस्थेत पाहून तुमचं डोकं फिरलं आणि तुम्ही जेसनच्या नावामागे लपलात. झालं. एका बापाचं दुःख पोलिसी पंचनाम्यातल्या दोन ओळींत उरकलं. मुखवटा चढवून पडद्यावर वावरला तोही बहुतेक वेळा स्टंटमन टॉम मोर्गा. तुमची भूमिका करणारे डिक विआंड यांच्या वाट्याला ते ओझरतं दर्शन आणि शेवटी प्रेताचा चेहरा आला.

आता तुमच्या सुडाबद्दल. तुमच्या मुलाला मारणारा व्हिक होता. सगळ्यांच्या देखत त्याला बेड्या पडल्या, तो कोठडीत गेला. त्याच्या केसालाही तुम्ही धक्का लावला नाहीत. मारलंत कोणाला? रस्त्यात गाडी बंद पडलेल्या दोन तरुणांना, ज्यांनी जोईचं नावही ऐकलं नसेल. हॉटेलातल्या वेट्रेसला. शेजारच्या शेतावरच्या एथेलला आणि तिच्या मुलाला. आपल्या खोलीत एकटीच गाणं लावून नाचणाऱ्या व्हायोलेटला. चिमुरड्या रेजीच्या म्हाताऱ्या आजोबांना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. पॅमेलाचा सूड आंधळा होता, तरी त्याला शिबिराचा आणि तिथल्या तरुणांचा रोख होता. तुमच्या सुडाला फक्त प्रेतांची संख्या होती. ती संख्या दिग्दर्शक डॅनी स्टाइनमन यांना आणि निर्मात्यांना हवी होती, हे मला कळतं. पण कोयता तुमच्या हातात होता, म्हणून पत्र तुम्हाला.

दुसरा आरोप टॉमी जार्विसच्या वतीने. चौथ्या भागात, १९८४ साली, कोरी फेल्डमनने केलेल्या या लहान मुलाने जेसनला संपवलं होतं. त्या चित्रपटाच्या शेवटच्या चौकटीत बहिणीच्या खांद्यावरून तो ज्या नजरेने बघतो, ती प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली होती. पाचव्या भागात तो तरुण झालाय, जॉन शेफर्डने ती भूमिका केली आहे. गप्प, घाबरलेला, झोपेत जेसनला पाहणारा. हिंसा पाहिलेलं मूल मोठं होऊन काय होतं, हा खरा विषय समोर येऊन उभा होता. तुम्ही त्याच्या आडवे आलात. तुमचं कोडं लपवण्यासाठी टॉमीला अधूनमधून गायब करावं लागलं, म्हणजे संशय त्याच्यावर जावा. त्याचं दुखणं म्हणजे रहस्याचा चारा झाला. अखेरीस त्याच्याच चेहऱ्यावर मुखवटा आणि हातात सुरी देऊन चित्रपट संपतो, आणि पुढच्या भागात हे काही घडलंच नाही असं धरून चालतात.

हो, पुढच्या भागाचं ऐका. चौथ्याने अमेरिकेत सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर मिळवले होते, तुमच्या भागाने सुमारे २ कोटी २० लाख. निर्मात्यांना इशारा पुरला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये टॉम मॅक्लॉफ्लिन यांनी ‘जेसन लिव्ह्ज’ आणला. तुमच्या चित्रपटात मेयर ठासून सांगतात की जेसनचं दहन झालंय, राख उरलीय. इथे मात्र टॉमी थडगं उकरतो, आत सडलेला का होईना, पण अख्खा जेसन आहे, आणि वीज पडून तो उठतो. चित्रपट झकास होता, तरी कमाई आणखी घसरून १ कोटी ९५ लाखांच्या आसपास आली. एकदा ठकवला गेलेला प्रेक्षक खरा माल आला तरी लगेच परत येत नाही, असंच मी त्या आकड्याकडे पाहून म्हणेन.

तुमच्या भागाचे चाहते आता बरेच आहेत, आणि त्यांचं मला पटतंही. व्हायोलेटचं ते यंत्रमानवासारखं नाचणं, रेजीची बेधडक वृत्ती, एथेलची अर्वाच्य तोंडाळ फटकेबाजी, यांत जीव आहे. पण नीट पाहा, त्यांना आवडतात ती तुम्ही मारलेली किंवा तुमच्या हातून सुटलेली माणसं. तुमच्यावर जीव लावणारं त्यांच्यात फारसं कोणी आढळत नाही.

मुखवट्यामागे भलताच माणूस, ही युक्ती मुळात वाईट नाही हे पुढे सिद्ध झालं. १९९७ च्या ‘स्क्रीम २’मध्येही मुलाच्या मरणाचा सूड घेणारी आई निघते. पण ती पत्रकार बनून आधीपासून आपल्यासमोर वावरते, आणि खरं रूप उघड झाल्यावर नायिका सिडनीसमोर उभी राहून आपलं म्हणणं मांडते. पटो न पटो, ते आपण तिच्याकडून ऐकतो. जोईच्या बापाला तुमच्या चित्रपटाने तेवढंही दिलं नाही, आणि तुम्ही मागितलंही नाही. त्या पोराला जिवंतपणी तुम्ही नाव दिलं नाहीत. तो मेल्यावर त्याच्यासाठी डझनभराहून अधिक माणसं मारलीत, आणि तेव्हाही तोंडातून त्याचं नाव काढलं नाहीत. खून करताना चेहऱ्यावर होता तो दुसऱ्या एका आईच्या मुलाचा मुखवटा.

जोईच्या बाजूने,
एक प्रेक्षक