नर्सिंगची स्कॉलरशिप कशी घालवावी

बायपीसी घेऊन इंटर (म्हणजे बायॉलॉजीनं बारावी) पास झालेल्या, आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातल्या तमाम ताईंनो, अभिनंदन. स्कॉलरशिप मिळवायची कशी, हे सांगणारे गावोगाव आहेत; सोमवारच्या बाजारात झेरॉक्सवाला पोरगासुद्धा सांगतो. ती घालवायची कशी, हे मात्र कुणी नीट शिकवत नाही. त्यामुळं मुली दुसऱ्या वर्षापर्यंत चाचपडत राहतात आणि मग एकदम घालवतात. तेच काम पहिल्या महिन्यात, कमी खर्चात उरकता येतं.

आधी घालवायचं काय, ते समजून घ्या. तेलंगणात ई-पासवर अर्ज करायचा. मंजूर झाला तर कॉलेजची फी सरकार भरतं, त्याला आरटीएफ म्हणतात. वरखर्चाला थोडे पैसे मिळतात, ती एमटीएफ. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि नूतनीकरण दरवर्षी. म्हणजे एका वर्षी संधी हुकली तरी पुढं आहेच. घाबरू नका.

१. नावापासून सुरुवात करा.

समजा तुमचं नाव सुनीता. दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, ते तेलुगू वळणानं येणार: आडनाव आधी, तेही बहुधा नुसतं आद्याक्षर, आणि इंग्रजीत सुनीताच्या ‘ता’ला टी-एच. आधार काढलंय किनवटला मामाकडं दिवाळीत. तिथं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि ‘ता’ला नुसता टी. बँकेच्या पासबुकावर तिसरीच बाई. तुमच्या आईनं एकच मुलगी जन्माला घातली, पण कागदांवर तीन नांदतात. ई-पासला मात्र एकीलाच पैसे द्यायचेत.

या ‘एच’ला हात लावू नका. फारच चैन पडेना तर आधार दुरुस्त करा, पण बँकेला कळवू नका. खातं आधारला जोडलेलं नसेल तर उत्तम. मंजूर झालेले पैसे कुठं गेले, हे शोधण्यात एक सेमिस्टर आरामात निघतं.

बोटांचे ठसे हा उपविषय. अर्जासाठी मी-सेवात, म्हणजे सरकारी सेवा केंद्रात, ठसा द्यावा लागतो. दिवाळीपासून आईबरोबर कापूस वेचलेल्या बोटांचे ठसे यंत्राला दिसत नाहीत. यंत्राचा तरी काय दोष! त्यानं बोंडं कधी पाहिलेली नाहीत. ‘बोटं धुऊन या’ असं सांगतील; धुऊन या. ‘उद्या या’ असं सांगतील. उद्या सर्व्हर नसेल.

२. वडिलांना खरं बोलायला लावा.

अनुसूचित जाती-जमातींसाठी उत्पन्नाची मर्यादा २०२४-२५ मध्ये होती वर्षाला २ लाख. बीसी असाल तर गावात दीड लाख, शहरात दोन. एमआरओ ऑफिसात, म्हणजे तहसीलला, उत्पन्नाचा दाखला काढताना कुणी सहज विचारलं, ‘काय बाबा, यंदा कापूस किती झाला?’ तर वडिलांनी ताठ मानेनं सांगावं, ‘तीस क्विंटल.’ २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव होता ७,५२१ रुपये. तीस क्विंटलचे झाले २,२५,६३०. झालात श्रीमंत!

बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि सावकार हे विचारल्याशिवाय सांगायचे नसतात. उत्पन्न म्हणजे खर्च वजा जाऊन हाती उरतं ते, ही शहरी कल्पना आहे. आमच्याकडं शेतकरी आकडा सांगतो तो ढिगाचा. तेवढीच त्याची वर्षातली एकदाची ऐट. तीच मुलीच्या फीवर बसते.

जाता जाता: पैनगंगेपलीकडं, महाराष्ट्रात, अनुसूचित जाती-जमातींना हीच मर्यादा तेव्हा अडीच लाख होती. नदी ओलांडली की गरीब असायला पन्नास हजारांची सूट मिळायची.

३. सीमेवर राहा.

ही सगळ्यात खात्रीची पद्धत, आणि आपल्या जिल्ह्याला ती फुकट मिळालेली आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. मग भाषावार रेघ ओढली गेली, आणि आजीचं माहेर परराज्यात गेलं. आजी काही हलली नव्हती.

आता तंत्र बघा. प्रवेशाला ‘स्थानिक’ ठरवताना तुम्ही सलग चार वर्षं कुठं शिकलात, ते पाहतात. तेव्हा नववी-दहावी मामाकडं किनवटला मराठी शाळेत काढा आणि इंटरला परत इकडं या. इथं तुम्ही अर्धवट. ‘मग नांदेडला जाते’ म्हणाल, तर तिथं पंधरा वर्षांच्या वास्तव्याचं डोमिसाइल मागतात. दोन राज्यांनी मिळून एका मुलीला पोरकं करायचं, आणि दोघांचाही नियम बरोबर. असा मेळ एरवी पाण्याच्या वाटपातसुद्धा बसत नाही.

तांड्यावरच्या असाल तर आणखी सोपं. लंबाडा, म्हणजे बंजारा, तेलंगणात अनुसूचित जमाती आहे. तेच लोक, तीच बोली, तोच घागरा किनवटच्या तांड्यावर विमुक्त जातींत मोजला जातो. जातीचा दाखला वडिलांच्या मूळ राज्याचा लागतो, आणि परराज्याच्या दाखल्यावर इथली सवलत मिळत नाही. लग्न करून आलेल्या सुनांनी हे विशेष लक्षात ठेवावं: सासरी येताना माहेरची जात गाठोड्यात येते, सवलत येत नाही.

ज्यांना उच्च शिक्षण घ्यायचंय, म्हणजे घालवण्यातलं, त्यांनी केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या वादग्रस्त चौदा गावांत जन्म घ्यावा. तिथं दोन्ही राज्यांची रेशन कार्डं आहेत, दोन्हीकडचं मतदान आहे. सगळं दोन-दोन मिळतं. फक्त ‘तुम्ही नक्की कुठल्या?’ या प्रश्नाचं उत्तर एकही मिळत नाही.

नवं राज्य झालं तेव्हा, २०१४ साली, तेलंगण सरकारनं ‘फास्ट’ नावाची योजना आणली होती. फी त्यांनाच मिळणार, ज्यांचं घराणं १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीपासून तेलंगणात आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आजोबांचा पत्ता सिद्ध करायचा! उच्च न्यायालयात प्रश्न उठले, आणि योजना गुंडाळली गेली. आमच्यासारख्यांचं नुकसानच झालं; इतकी नामी युक्ती पुन्हा कुणाला सुचली नाही.

४. एजंटवर विश्वास ठेवा.

दादा चांगल्या घरातला असतो. नागोबाच्या जत्रेत केसलापूरला भेटतो, चहा पाजतो, बेंगळुरूच्या इमारतीचे फोटो दाखवतो. ‘एक रुपया भरू नका, स्कॉलरशिपमध्ये बसवतो,’ म्हणतो. कन्व्हीनर कोटा आणि मॅनेजमेंट कोटा यात फरक काय, हे त्याला विचारून त्याचा अपमान करू नका. मॅनेजमेंट कोट्याला फी परत मिळत नाही, हे तुम्हाला पहिल्या परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कळेल. तोवर दहावीचा मेमो, टीसी आणि जातीचा दाखला, सगळं अस्सल, कॉलेजच्या कपाटात गेलेलं असेल.

आमच्या घरातली एक पोर असंच कपाट सोडवायला गेली होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. कपाटं सगळीकडं सारखीच. ‘पूर्ण फी भरा, कागद न्या.’ फी भरायला नोकरी हवी, नोकरीला कागद हवेत. नर्सिंगमध्ये रक्ताभिसरण शिकवतात, तेही असंच गोल असतं.

५. हजेरी बरोबर शहात्तर टक्के ठेवा.

ही माझी आवडती पायरी. स्कॉलरशिपला ७५ टक्के हजेरी लागते. नर्सिंग कौन्सिलला परीक्षेसाठी ८० टक्के लागते, आणि प्रॅक्टिकल तर १०० टक्के भरल्याशिवाय पदवी नाही. तेव्हा शहात्तरावर थांबा. स्कॉलरशिपला पात्र, परीक्षेला अपात्र! वर्ष पुन्हा करायचं, आणि त्याच वर्षाचे पैसे सरकार दुसऱ्यांदा देत नाही. एका दगडात दोन पक्षी, आणि दगडही आपलाच.

अंगठ्याचं यंत्र कॉलेजात आणि पोस्टिंग दवाखान्यात असेल तर कष्टही नकोत. रात्रभर बाळंतिणीच्या उशाशी बसा. सकाळी यंत्राच्या लेखी तुम्ही गैरहजर.

६. एवढं करूनही पात्र ठरलात, तर

वाट पाहा. मंजूर होणं वेगळं आणि मिळणं वेगळं. थकलेल्या फीसाठी २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यातल्या खासगी कॉलेजांनी बंद पुकारला होता. कॉलेजवाले संप करू शकतात. तुम्ही करू नका. तुमची हजेरी जाते.

रागवायचंच असेल, तर इंद्रवेल्लीच्या हुतात्मा स्तूपापर्यंत चालत जाऊन या. २० एप्रिल १९८१ ला, बाजाराच्या दिवशी, इथं गोंड माणसं जमली होती. मागणी जमिनीच्या पट्ट्याची, म्हणजे एका कागदाचीच होती. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सरकारी आकडा तेरा. गावातली माणसं तो मानत नाहीत.

आणि ही दहावीनंतरची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सुरू झाली १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तेव्हा. त्या अर्जाला ठसे लागत नव्हते.

वरची एकही पायरी जमली नाही, नाव जुळलं, ठसा उमटला, दाखला निघाला, तर मी-सेवाची पावती घ्या. ती गुळगुळीत कागदावर असते; घरात ठेवली की दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडतात आणि कोरा कागद उरतो. पडताळणीच्या दिवशी तीच मागतात. आजच झेरॉक्स काढून ठेवा, दोन प्रती. एक आईच्या ट्रंकेत.