हद्द सांगा, वेळ सांगा

१५ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये पंतप्रधानांचा रोड शो होता. वाहतूक पोलिसांनी आधीच पत्रक काढलं: एलबीएस मार्गाचा कुठला पट्टा बंद, किती वाजल्यापासून, गाड्या कुठून वळवायच्या. संध्याकाळी मेट्रोही जागृतीनगर ते घाटकोपर थांबवली आणि घरी निघालेल्यांचे हाल झाले. रस्ता बंद करण्यावर तेव्हा पुष्कळांनी टीका केली, मीही केली असती. पण पत्रक स्पष्ट होतं. कुठे जायचं नाही आणि कधीपर्यंत, हे ज्याला वाचता येतं त्याला कळत होतं.

रस्त्याच्या बाबतीत मुंबई पोलिसांचा हात धरणारं कुणी नाही. विसर्जन असो, दहीहंडी असो की मॅरेथॉन, गल्लीचं नाव, वेळ आणि पर्यायी मार्ग असं सगळं पत्रकात असतं. तेच पोलीस आकाशाबद्दल आदेश काढतात तेव्हा ही सगळी शिस्त कुठे जाते?

आदेश असा असतो: बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, हॉट एअर बलून उडवण्यास मनाई. हद्द कुठली? कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत अख्खी. मुदत? साधारण महिना. २०२५ चा एक आदेश ४ एप्रिल ते ५ मे असा होता. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर ९ जूनपर्यंत बंदी आली. ती मेची बंदी योग्यच होती, सीमेवर ड्रोन येत असताना शहराने जपायलाच हवं. पण ऑपरेशन सिंदूर ज्यामुळे झालं तो पहलगामचा हल्ला २२ एप्रिलचा. ४ एप्रिलच्या आदेशामागे युद्ध नव्हतं, सवय होती.

या आदेशाचा कायदा म्हणजे पूर्वीचं कलम १४४, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. ते तातडीच्या प्रसंगासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितलं की असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. तो खटला काश्मीरचा होता, पण कलम तेच.

याहून नेमकं हत्यार पोलिसांच्या हातात २५ ऑगस्ट २०२१ पासून आहे. त्या दिवशी केंद्राचे ड्रोन नियम लागू झाले. त्यात तात्पुरत्या रेड झोनची तरतूद आहे. राज्य सरकार किंवा पोलीस एखाद्या ठरावीक जागेवर एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास उड्डाणबंदी घालू शकतात. ती डिजिटल स्काय या सरकारी यंत्रणेवर जाहीर करायची आणि नकाशावर दाखवायची. अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या बरोबरीचा हवा, म्हणजे मुंबईत उपायुक्त. महिनाभराचा आदेशही उपायुक्तच काढतात. अधिकार आहे, नियम आहे, नकाशा आहे. उड्डाणाआधी तो नकाशा पाहणं ड्रोन उडवणाऱ्यावर नियमानेच बंधनकारक आहे. मग गरब्याच्या मैदानासाठी अख्खं शहर बंद का करायचं?

उपनगरांत तर हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण इथे आकाश मुळातच सारखं नाही. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन लागतो, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत मुभा आहे. अंधेरी आणि घाटकोपर सरळ आठच्या आत येतात. तिथे पोलिसांचा आदेश नसला तरी परवानगीशिवाय ड्रोन बेकायदाच आहे. घाटकोपरकरांच्या डोक्यावरून विमानं किती खालून जातात ते त्यांना विचारा. २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर विमान याच घाटकोपरच्या वस्तीत, बांधकामाच्या जागेवर कोसळलं. पाच जण गेले. त्यातला एक रस्त्याने चाललेला माणूस होता.

बोरिवलीत गणित बदलतं. विमानतळापुरतं बोलायचं तर ते अंतर बाराच्या पलीकडे जातं. नवरात्रात हजारो माणसं एका मैदानात नाचतात ती जागा हीच. नेमकी मैदानापुरती, नेमक्या तासांची बंदी जिथे सर्वात जास्त कामाची, तिथेही आपण तोच शहरभराचा महिनाभराचा कागद पुढे करतो.

धोका खोटा नाही. जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर २७ जून २०२१ ला ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. गर्दीला तर स्फोटकंही लागत नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस माणसं चिरडून मेली. ना बॉम्ब होता, ना हल्ला. दहीहंडीच्या चौकात दोन किलोचा ड्रोन बॅटरी संपून खाली आला, तर आधी एकाचं डोकं फुटेल आणि मग पळापळीत काय होईल, याचा विचार करून बंदोबस्त आखावा लागतो. मे २०१५ मध्ये मुंबई विमानतळाजवळ वैमानिकाला पॅराशूटसारख्या वस्तू दिसल्या आणि सगळ्या यंत्रणा धावल्या. निघाले एका हिरे कंपनीच्या कार्यक्रमातले फुगे. हेतू वाईट असावा लागत नाही.

म्हणूनच मला हा सरसकट आदेश सैल वाटतो, कडक नाही. चौकात उभ्या हवालदाराच्या जागी जाऊन पाहा. वर तीन ड्रोन दिसतात. एक पोलिसांचाच, कारण गणपतीत पोलीसही ड्रोनने नजर ठेवतात. एक आयोजकाचा, लेखी परवानगी घेतलेला. तिसरा कुणाचा? आदेश सांगतो, सगळ्यांना मनाई, परवानगीवाले सोडून. परवानगी कुणाला आहे ती यादी त्या हवालदाराच्या खिशात असेल, चौकाची हद्द आणि वेळ ठरलेली असेल, तर तिसरा ड्रोन क्षणात ओळखता येईल. सरसकट बंदीचा एक फायदा मी मान्य करतो: कुणालाही पकडलं की गुन्हा तयार असतो. पण गुन्हा दाखल होतो ड्रोन उडून गेल्यावर. बंदोबस्ताचं काम त्याच्या आधीचं आहे.

आणि ज्याला थांबवायचं त्याच्यापर्यंत हा आदेश पोहोचतो कसा? प्रत्येकाला वेगळी नोटीस बजावणं शक्य नाही, म्हणून प्रत पोलीस ठाण्याच्या, वॉर्ड ऑफिसच्या, तहसील कार्यालयाच्या फलकावर लावायची. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मुलुंडचा कॉलेजचा मुलगा तो ऑनलाइन मागवतो आणि गच्चीवर जातो. तो वॉर्ड ऑफिसचा फलक वाचायला कधी गेला आहे? लग्नाच्या ऑर्डरी घेणारा फोटोग्राफर निदान चौकशी करतो. पण बंदी बारा महिने आहे असंच वाटायला लागलं की तोही चौकशी सोडतो आणि दोन मिनिटांत शॉट काढून मोकळा होतो. नेहमीच्या बंदीने माणसं अशीच बेफिकीर होतात. मग खरोखर महत्त्वाच्या संध्याकाळीही कुणी थबकत नाही.

अमेरिकेत तीस हजार किंवा त्याहून जास्त आसनांच्या स्टेडियममध्ये मोठ्या लीगचा सामना असला की तीन सागरी मैलांच्या परिघात, तीन हजार फुटांपर्यंत, सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत उड्डाणबंदी असते. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला २६ जुलै २०२४ रोजी फ्रान्सने तब्बल दीडशे किलोमीटरच्या परिघातलं आकाश बंद केलं, पण संध्याकाळी साडेसहा ते मध्यरात्र. परीघ केवढाही असो, घड्याळ लावलेलं होतं.

मुंबई पोलिसांनी हेच करावं. मोठ्या हंडीला, गरब्याला, विसर्जनाच्या चौपाटीला, नेस्कोतल्या किंवा बीकेसीतल्या मोठ्या कार्यक्रमाला तात्पुरता रेड झोन नकाशावर टाकावा. वाहतुकीच्या पत्रकातच खाली दोन ओळी मराठीत द्याव्यात: या चौकापासून इतक्या अंतरात, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत ड्रोन बंद. परवानगी दिलेल्या ड्रोनची यादी स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी पोहोचवावी. शहरभराची महिन्याची बंदी मे २०२५ सारख्या प्रसंगासाठी राखून ठेवावी, म्हणजे ती निघेल तेव्हा लोक खरंच ऐकतील.

आणि मंडळांनो, सोसायट्यांनो, आयोजकांनो, यंदा ड्रोनवाला ठरवताना भावाआधी तीन गोष्टी मागा: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, उपायुक्तांचं लेखी परवानगीपत्र आणि त्या दिवशीचा डिजिटल स्कायचा नकाशा. यातलं एक जरी नसेल तर तुमच्या मांडवातून ड्रोन वर जाऊ देऊ नका.